दगड पांढरा ठेवायचा

आमच्या ओट्यावर खिडकीच्या कडेला एक पांढरा दगड आहे. पंजाएवढा लांब, वडीसारखा चौकोनी, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. नवीन माणसाला तो साबण वाटतो. तो धार लावायचा दगड आहे, चिनी मातीचा, भट्टीत भाजलेला. दिवसातून कितीदा तरी मी त्याच्याकडे बघते. पांढरा दिसला की हातातलं काम पुढे चालू ठेवते.

तो धुवायचा कसा हे मला कोणी शिकवलं नाही. तेल लावायचं नाही, एवढं एकदा लावल्यावर कळलं. तेलाने त्याची बारीक छिद्रं भरतात आणि मग पातं त्याच्यावरून नुसतं घसरतं. ओला करायचा, भांड्यांची पावडर टाकायची आणि नायलॉनच्या घासणीने गोल गोल घासायचं. तारेची घासणी घेतली तर तीच त्याच्यावर झिजते आणि तो आणखी काळा होतो. लोखंडाचा कीस करड्या रेघा होऊन वर बसलेला असतो. तो हळूहळू सुटतो आणि हातावरून पेन्सिलीच्या रंगाचं पाणी वाहतं. कडेच्या रेघा राहतात, त्या खोडरबराने निघतात. शाळेत माझ्या वाट्याला अख्खं खोडरबर कधी आलं नाही. आता दगडासाठी मी दुकानातून नवंकोरं आणते. शेवटी साध्या पाण्याने धुऊन सावलीत उभा करून ठेवायचा. हातातून पडू द्यायचा नाही.

तो घरी आणला यांनी. हे सावद्याकडच्या एका केळीच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला आहेत. तिथे घडावरून फण्या सुटतात, त्यांचा काप स्वच्छ लागतो. बोथट सुरीने दांडा फाटला की केळी तिथूनच काळी पडते आणि बाहेरदेशी जाणारी पेटी वाटेतच सडते. म्हणून शेडवर असे दगड आणले होते. एक पडून टवका उडाला, तो टाकून देत होते, तेव्हा हे घेऊन आले. आबांसाठी.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर केळी कापली. कापणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. टोळीतल्या सगळ्यांच्या विळ्यांना धार तेच लावायचे, आणि ज्याचा विळा त्याच्याच जागी परत ठेवायचे. एखाद्याने विळा खोपटाच्या छपरात खोचलेला असेल तर धार लावून पुन्हा तिथेच खोचायचे. त्यांची ही सवय गावात सगळ्यांना माहीत होती. गावातल्या बायका विळी घेऊन आमच्याकडे यायच्या, आणि आबा अंगठ्याने धार बघून म्हणायचे, “नेय आता. पण बोट सांभाळजो.”

पांढरा दगड बघून ते हसले होते. “हा दगड हाये का बशी?”

“शेडवर याच्यावरच लावतात, आबा,” हे म्हणाले.

“तुमच्या शेडवर चहा बी याच्यातच पेतात का?”

पण एकदा हात बसल्यावर त्यांनी आपला काळा दगड पुन्हा काढला नाही. काळा दगड मधून झिजून खोलगट झाला होता. हा झिजत नव्हता. लोखंड मात्र खायचा आणि काळवंडायचा. धुवायचं काम माझ्याकडे आलं, कारण भांडी मीच घासत होते.

मग आबांचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा चहा. पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने, “आज चहा नाही का?” मी पुन्हा अर्धा कप द्यायची. नंतर माणसं विसरायला लागले. मला कधी सून म्हणून ओळखायचे, कधी टोळीला भाकरी करून देणारी बाई समजायचे. हात मात्र काही विसरले नाहीत. लावलेली सुरी ते पुन्हा लावायचे. विळीचं पातं चंद्राच्या कोरीसारखं बारीक झालं. सुऱ्या संपल्या की दुसरं काही शोधायचे. खुरपं, झाकणीची कड. एकदा उलथनं लावून ठेवलं. मी धिरडं उलटायला गेले तर धिरड्याचेच दोन तुकडे झाले.

“आता याच्यानं दाढी करता येईल,” हे म्हणाले. आम्ही दोघं हसलो. त्या दिवसानंतर मी स्वयंपाकघरातल्या कोणत्याही वस्तूच्या कडेला हात लावताना आधी बघायला लागले.

त्याच वर्षी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला शिरपूरला दिली आहे. ती सातव्या महिन्यात आली आणि मी सगळं लोखंड कुलपात घातलं. सुऱ्या, विळी, अडकित्ता, खुरपं, कात्री, उलथनंसुद्धा. धान्याच्या कोठीच्या मागे लोखंडी कपाट आहे, त्यात ठेवून किल्ली कमरेला लावली. भाजी मी कोठीच्या खोलीत दार लावून चिरायची. मुलगी हसायची, “आई, चोरून खातेस का काय?”

हे म्हणाले, दगडच विहिरीत टाकू. दगड नसेल तर काय लावतील?

मी घरात फार बोलत नाही. सासरी आल्यापासून तशीच आहे. पण तेव्हा मी म्हणाले, नको. दगड तिथेच राहू दे.

“का?”

“मागे एकदा मी लपवला होता,” मी म्हणाले, “तेव्हा आबांनी न्हाणीच्या पायरीवर धार लावली. पायरी काळी आहे. तिच्यावर काही दिसत नाही. मला कळलं ते माझा अंगठा कापल्यावर. या दगडावर दिसतं.”

यांनी दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग तो धुऊन ठेवत जा,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी तो धारेसाठी धुतलाच नाही. काही घासलं तर दिसावं म्हणून धुतला.

तिला मुलगी झाली. चांगली, गोरी, मोठ्या आवाजाची. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा आबा ओसरीत बसले होते. त्यांनी पणतीला मांडीवर घेतलं आणि तिच्या मनगटाला अंगठा लावून बघितला, धार बघतात तसा. सगळे हसले. मी पुढे होऊन बाळ घेतलं.

बाळंतिणीला बघायला अक्का आल्या. अक्का म्हणजे यांची मोठी बहीण, आबांचीच मुलगी. एरंडोलला बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांची बोली तिकडची झाली आहे. बाळाला मालीश करावी तर अक्कांनीच. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं त्यांच्या हातचं. आणि त्यांनी येताना पिशवीतून एक चाकू आणला. लाकडी मुठीचा, जुना, गंजलेला, त्यांच्या घरात प्रत्येक बाळंतिणीला तोच ठेवतात. पाचवीला तो पाटावर मांडून पूजला आणि मग बाळाच्या उशाखाली ठेवला. सव्वा महिना हलवायचा नाही.

माझी पाचवीपासूनच झोप गेली. मी अक्कांना स्वयंपाकघरात गाठलं.

“अक्का, तो चाकू तेवढा नको.”

“काबरं?”

“आबा हिंडत असतात घरात.”

“वा. इतली वर्षं झाई, आज तुना तोंडातून शब्द निंघना, तो बी असा,” त्या म्हणाल्या. “पोरीना उशाशी लोखंड पाहिजे. त्याले धारच नही, बठ्ठा बोथट शे. लोणी बी कटस नही त्यानं.”

“दुसरं काही लोखंड ठेवू.”

“मना बाप शे तो. मी वळखस त्याले. आपली पणती शे ती त्यानी, पणती.”

बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावायची, एवढं मुलीला सांगितलं. ती लावायची. पण बाळाचे लंगोट वाळत घालायला, पाणी आणायला, कोणी ना कोणी आत-बाहेर करायचंच. मी दगडाकडे बघायची. पांढरा. पुन्हा जाता-येता बघायची. पांढरा. अक्का म्हणाल्या, “तो काय देव शे का, पाया पडत फिरस?” मी हसले. मला बरं वाटत होतं. असेच दिवस गेले तर सव्वा महिना निघून जाईल, असं वाटत होतं.

मग एका दुपारी तो करडा दिसला.

जेवणं झाली होती. अक्का मंदिरात गेल्या होत्या, हे शेडवर. मी भांडी घासून आत आले आणि दगडावर तिरक्या रेघा होत्या, बारीक, एकाला एक लागून. आबांच्याच हाताच्या. ते पातं टाचेपासून, म्हणजे मुठीकडून, टोकाकडे ओढतात. मी बोट लावलं. करडं बोटाला आलं. ओलं होतं.

मी कमरेची किल्ली चाचपली. कपाट उघडलं. सुऱ्या होत्या, विळी होती, कात्री होती. अडकित्ता होता. उलथनं होतं. मी ती सगळी पुन्हा हाताने वेगळी केली, जणू त्यातलं एखादं दुसऱ्यासारखं दिसत असेल. काही कमी नव्हतं. मग झाकण्या बघितल्या, पळी बघितली, केरसुणीच्या बाजूचं टिनपाट बघितलं. कशालाही नवी कड नव्हती. मी त्या स्वयंपाकघरात उभी होते आणि घरात लोखंड कुठे कुठे आहे याचा विचार करत होते. चाकू म्हणून मी सगळं मोजत होते, पण अक्कांचा तो चाकू माझ्या मनात चाकू राहिला नव्हता. पाचवीला पूजल्यावर तो दुसरं काही झाला होता. म्हणून तो मला आठवला सगळ्यात शेवटी.

बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कडी नव्हती. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, औषधाने तिला दुपारी गाढ झोप यायची. आबा बाळाच्या अंथरुणापाशी खाली बसले होते. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. बाळ झोपलं होतं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “टोळी निघाली का?”

“नाही अजून, आबा.”

“गाडी भरायची हाये. उशीर करू नोको.”

मी खाली बसले. काही घाई दाखवली नाही, हे मला अजून आठवतं. घाई केली की ते चिडायचे. एक हात बाळाच्या मानेखाली घातला, एक पाठीखाली, आणि बाळ सरळ वर उचललं. मग छातीशी धरलं आणि मागे सरकले. बाळाने तोंड वाकडं केलं, पण रडलं नाही.

उशी म्हणजे मोहरीची छोटी उशी होती, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती. ती मी पायाने बाजूला केली. चाकू तिथेच होता. जिथून घेतला तिथेच परत ठेवला होता. पातं उभं, धार वरच्या बाजूला. गंज कुठे राहिला नव्हता, पातं केवढं चकचकीत झालं होतं. उशीच्या खालच्या बाजूची शिवण कापली गेली होती आणि मोहरी बाहेर येऊन गोधडीवर पसरत होती. मी बघत होते तेव्हाही येत होती.

“धार पाहा,” आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर टोळीतला जुना आनंद होता. “एका घावात घड उतरेल.”

“चांगली लागली, आबा,” मी म्हणाले.

मग मुलीला उठवून बाळ तिच्याकडे दिलं आणि चाकू उचलून घेतला.

अक्का मंदिरातून आल्या. मी ती उशी आणि चाकू त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कापलेल्या शिवणीतून बोट आत घातलं, मग चाकू घेतला आणि पदराच्या टोकाला लावून बघितला. पदराचा धागा तुटून खाली पडला. मग अक्का म्हणाल्या, “मना बापना हातले काय झालं,” आणि चाकू कागदात गुंडाळून आपल्या पिशवीच्या तळाशी घातला. बाळाच्या उशाशी त्यांनी बैलगाडीच्या आसाचा एक मोठा खिळा ठेवला, चिंधीत बांधून. लोखंड नसलेलं त्यांना चालणारच नव्हतं, आणि मलाही तो चालला. खिळ्याला धार लागत नाही.

संध्याकाळी यांनी सगळं ऐकलं आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. आबांना काही दिवस तिकडे ठेवता येईल का म्हणून धाकट्या दिरांकडे धुळ्याला फोन केला. दिरांची दोन खोल्यांची जागा, तीही वरच्या मजल्यावर. फोन ठेवून हे म्हणाले, “तो म्हणतो, इथे ग्यालरीला जाळी नाही.” आबा तिथेच बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “कोण पडलं ग्यालरीतून?”

आबांना मग दुसरं काम द्यायचं मला सुचलं. त्यांना लावायला काही द्यायचं नाही, पण दगड द्यायचा. धुवायला. संध्याकाळी मी एका जुन्या बिजागरीच्या पट्टीने दगड चांगला काळा करून ठेवायची. सकाळी घासणी, पावडर आणि पाण्याचं घमेलं त्यांच्यापुढे ठेवायची.

“कोणी खराब केला?” ते रोज विचारायचे.

“टोळीतल्या माणसांनी.”

“धुऊन ठेवायची अक्कल नाही एकाले बी.”

आणि मन लावून घासायचे. माझ्यापेक्षा चांगला धुवायचे. उजेडात तिरपा धरून बघायचे, कडेला राहिलेली रेघ दिसली की खोडरबर मागायचे. त्यात त्यांची सकाळ जायची आणि हात शांत व्हायचे. धुतलेला दगड ते स्वतः खिडकीच्या कडेला उभा करून ठेवायचे. मुलगी बाळाला घेऊन दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, “आई, बरं काढलंस हे.” मला वाटलं, सव्वा महिना काय, दोन महिनेसुद्धा ठेवून घेऊ तिला.

ते काही दिवस चांगले गेले.

नंतर एका दुपारी, त्यांनी सकाळी धुऊन ठेवलेल्या दगडावर पुन्हा रेघा आल्या. मी बिजागरी संध्याकाळीच घासते. दुपारी नाही. रेघा तिरक्या होत्या, बारीक, एकाला एक लागून.

या वेळी मी आधी बाळापाशी गेले. बाळ मुलीच्या मांडीवर होतं. खिळा चिंधीत होता. मग कपाट. सगळं होतं. अक्कांचा चाकू अक्कांबरोबर एरंडोलला गेला होता. आम्ही सगळं घर उलथंपालथं केलं. हे माळ्यावर चढले, मी गाद्या दाबून बघितल्या, धान्यात हात घातला, गोठ्याच्या छपरात काठी फिरवली. काही सापडलं नाही. आणि दोन-चार दिवसांनी दगड पुन्हा करडा.

कपाटात आबांचा टोळीतला विळा नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मी आबांजवळ बसले. डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आबा, तुमचा विळा कुठे आहे?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ते मला ओळखत होते, त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते.

“हाये जागेवर.”

“कोणत्या जागेवर?”

“ते सांगतलं तर तू घेशील.”

ते हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, लग्नात ठेवला होता तसा.

मुलीचा सव्वा महिना भरायचा होता. पहिलं बाळंतपण, माहेरची पाठवणी नीट व्हावी, साडीचोळी, बाळलेणं, सगळं मी मनात ठरवून ठेवलं होतं. मी तिला म्हणाले, “उद्या जावईबापूंना गाडी घेऊन यायला सांग.” तिने का म्हणून विचारलं नाही. कपडे भरायला लागली. शिरपूरच्या लोकांना आम्ही काही सांगितलं नाही. तिची सासू फोनवर म्हणाली की एवढ्या लवकर पाठवता, आमच्याकडे असं करत नाहीत. मी म्हणाले, माझी तब्येत बरी नाही. गाडी निघताना आबा ओसरीत उभे होते. त्यांनी गाडीच्या काचेवर हात फिरवला आणि आत बाळाकडे बघून म्हणाले, “घड चांगला भरला.”

आता बाळ बसायला लागलं आहे, हाताला येईल ते तोंडात घालतं, असं मुलगी सांगते. मी नातीला फोनमध्ये बघते. दगड मी अजून रोज धुते. आबांकडून धुऊन घेणं बंद केलं. माझ्या बिजागरीच्या आणि त्यांच्या रेघांत मला फरक कळेनासा व्हायची भीती वाटली. काही दिवस तो पांढराच राहतो. मग मी घरात सैल वागते, पायरीवर निवांत बसते, आबांना अर्धा कप चहा जास्त देते. मग तो करडा होतो. विळा आहे, विळी आहे की आणखी काही, मला माहीत नाही. जे आहे ते रोज थोडं पातळ होत असणार, आणि तेवढंच धारदार. हे अंथरूण झटकल्याशिवाय झोपत नाहीत. मी अंधारात कुठेही हात घालत नाही.

काल मुलीचा फोन आला. आखाजी जवळ आली आहे. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, माझी आई होती तोवर मीही जायची. गल्लीतल्या लिंबाला झोक्याचे दोर पडलेसुद्धा.

“आई, येऊ का आखाजीला? घेऊन येते हिला.”

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेले.

“आई?”

“हो, आहे.”

“दगड कसा आहे आज?”

मी म्हणाले, “पांढरा नाही.”

मागे बाळ काहीतरी आपटत होतं, वाटी असावी. मग ती म्हणाली, “बरं. मांडे करून पाठवशील?”

मी म्हणाले, पाठवते.